तुमचे बदल लागू करायचे का?

हो हो, कळलं — त्या कागदाचंच ना? घडी बघूनच ओळखलं, सकाळपासून सगळे छापून घडी घालूनच आणतायत. बसा. ती लाल खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय, ती नुसती शोभेला आहे. या पांढऱ्या खुर्चीवर बसा. सकाळपासून तुम्ही पाचव्या. फोन वेगळे — फोन मी मोजायचे सोडलेत, तो बघा, पालथा घालून वर उशी ठेवलीय, तरी उशीखाली गुरगुरतोय मेला. स्कार्फ सोडा की, नुसते डोळे दिसतायत, मुलाकडच्या का मुलीकडच्या तेसुद्धा कळत नाहीये — बरं राहू दे, राहू दे, उन्हातून गाडीवर आलेल्या माणसाला लगेच सोडवत नाही, मला माहितीय. पाणी? नको? मग आधी माझं ऐकून घ्या आणि मग भांडा. मी काही पळून जात नाही. सत्तावीस वर्षं याच खोलीत बसून लग्नं जमवतेय. नारायण पेठेत मंदाताईंचं वधूवर सूचक केंद्र म्हटलं की रिक्षावाला 'नाही' न म्हणता आणून सोडतो, यावरून काय ते समजा.

तर तुमच्या माणसाबद्दल त्या कागदावर जे काही छापलंय ते मी लिहिलेलं नाही. म्हणजे — मीच लिहिलंय. पण ते दिसायचं नव्हतं. आणि एक सांगू? तुम्ही परक्या आहात म्हणून सांगते — आज एकशे बेचाळीस घरांना तसले कागद गेलेत, त्या एकशे बेचाळीस घरांनी मला शिव्या दिल्या तरी मी पचवीन. वर्षभरात विसरतील, धाकट्याला घेऊन परत इथेच येतील, जातात कुठे! माझा जीव अडकलाय तो एकशे त्रेचाळिसाव्या कागदात. तो माझ्या स्वतःच्या मुलाचा आहे, अवधूतचा. काल संध्याकाळी एका मुलीकडे पाठवला, आणि तिथून अजून हूं नाही की चूं नाही. सदतिसावं चालू आहे हो त्याला. जगाची सहाशे लग्नं जमवली मी आणि घरातला तसाच — दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो आमच्याकडे येऊन बघावा. चार वर्षं 'नको' म्हणत होता, आता कुठे 'बरं' म्हणाला. एकदाच म्हणाला. आणि नेमकं त्याच आठवड्यात मला बोरूतून नवबोरूत जायची बुद्धी झाली.

बोरू माहीत नाही तुम्हाला? मराठी लिहायचं सॉफ्टवेअर हो. बुधवार पेठेतून पहिला कॉम्प्युटर आणला ना, तेव्हा दुकानदारानं आत घालून दिलं होतं. वीस वर्षं मी त्यात लिहितेय. सगळं कसं माझ्या हाताला बसलेलं — पाटी फिकट हिरवी, डोळ्यांना बरी. अक्षर ठसठशीत, आजोबांनासुद्धा वाचता यावं असं. दोन बटणं दाबली की वरती आपोआप 'श्री गजानन प्रसन्न'. आता कंपनी म्हणते, बोरू बंद होणार, नवबोरू घ्या. दोन वर्षं मी दाद दिली नाही. पण गेल्या आठवड्यात नवा कॉम्प्युटर घेतला, तर तो जुन्या बोरूला घरातच घेईना. कंपनीचा मुलगा फोनवर म्हणाला, काकू, काळजी करू नका, तुमची सगळी सेटिंग आपोआप नव्यात येतील. आपोआप! मी त्याला म्हटलं, बाळा, आपोआप फक्त केस गळतात. पण पडले मी त्याच्या भरीला. आणि मला खरं सांगायचं तर हिरव्या पाटीचं काही नव्हतं, गजाननाचंही नव्हतं — तो येतोच — मला भीती होती ती माझ्या यादीची.

कसली यादी म्हणजे — आता हे कोणाला बोलू नका. बोरूत एक सोय होती. आपण एक शब्द लिहायचा, आणि त्यानं त्याच्या जागी दुसरा करून द्यायचा. लोक कशाला वापरायचे? मोठाले पत्ते लिहायचा कंटाळा म्हणून. मी कशाला वापरली — सांगते. माझ्याकडे माणसं येतात ना, ती तुम्ही बसलात तिथेच बसतात, आणि मी समोर बसून लिहिते. मुलाचा बाप म्हणतो, लिहा, मुलगा हुशार आहे. आणि मला समोर दिसतं की मुलगा आळशी आहे, बसल्या बसल्या खुर्चीत वितळतोय. आता मी हुशार कसं लिहू? माझ्या बोटांना खोटं लिहवत नाही, खरंच सांगते, शाळेत बाईंनी शुद्धलेखनात दहापैकी दहा दिलेत मला. मी लिहायचे — आळशी. आणि बोरू लगेच करायचा — समाधानी. मी लिहायचे रागीट, तो करायचा स्पष्टवक्ता. मी लिहायचे कंजूष, तो करायचा व्यवहारी. जाडचं सुदृढ. बेकारचं 'स्वतंत्र व्यवसाय'. टक्कलचं 'भव्य कपाळ'. हे सगळं मी एकदाच यादीत बसवून ठेवलं, की झालं. म्हणजे बघा, खरं मी लिहायचे, गोड तो करायचा. वीस वर्षांत या हातानं एक खोटा शब्द लिहिलेला नाही! हसू नका. काही काही तर मी इतक्या वेळा लिहिलेत की बोटं झिजली. छंद विचारला की समोरचा आढ्याकडे बघतो — मी लिहिते 'काही नाही', बोरू करतो 'वाचन, संगीत, प्रवास'. अपेक्षा विचारल्या की मुलाची आई जे सुरू करते ना, रंग, उंची, पगार, माहेर जवळ नको, फार लांबही नको, ऐकून मलाच घाम फुटतो — मी लिहिते 'सांगण्यासारख्या नाहीत', आणि कागदावर येतं 'अनुरूप'. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकशे अडुसष्ट शब्द होते यादीत. सगळं पुणं झाकलं होतं मी त्यात.

आता झालं काय — बघा, तुम्हाला समजेल, तुम्ही शिकलेल्या दिसता. नवबोरूनं परवा माझी यादी उघडली आणि विचारलं, 'डावीकडे लिहिलेला शब्द, उजवीकडे दिसणारा शब्द, बरोबर?' मी म्हटलं बरोबर, दाबलं बटण. आता जुन्या बोरूत ते नेमकं उलटं होतं — डावीकडे दिसणारा, उजवीकडे लिहिलेला. कोणाच्या लक्षात राहतंय वीस वर्षांनी? घरातल्या कपाटाचं दार कुठल्या बाजूला उघडतं हे कोणी विचारलं तर पटकन सांगता येईल का तुम्हाला? नाही ना? तसंच. म्हणजे यादी आली सगळी, एक शब्द गळला नाही, फक्त तोंड मागे आणि पाठ पुढे करून आली. तेवढ्यावर भागलं असतं हो. पण मग त्यानं विचारलं, 'जुन्या फायली नव्यात आणताना तुमचे बदल लागू करायचे का?' आता मला सांगा, एका बाईला कोणी विचारलं, तुमचे बदल लागू करायचे का, तर ती काय म्हणेल? हो म्हणेल! जन्मात कोणी विचारलं नव्हतं! मी उत्साहानं 'हो' दाबलं. ती रेघ डावीकडून उजवीकडे सरकत गेली, शंभर टक्के झाली, खाली आलं 'अभिनंदन'. मी देवाला साखर ठेवली.

आणि दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मी सगळ्यांना सगळे कागद पाठवते — आज पहिला गुरुवार. दहा वाजून दहा मिनिटांनी व्हॉट्सॲपवर पाठवले. वाचले का म्हणजे काय? स्वतःच्या हातचं कोणी वाचतं का? इतकी वर्षं बोरूनं कधी दगा दिला नव्हता. बावीस मिनिटांनी पहिला फोन. मुलाची आई, रडतेय, म्हणते मंदाताई, हे काय हो, 'स्वभाव आळशी, छंद काही नाही, अपेक्षा सांगण्यासारख्या नाहीत'? मी म्हटलं अहो, दुसऱ्या कोणाचा कागद आला असेल. तर म्हणे, नाही, तोच आहे, वर्णन त्याचंच आहे. बघा! आईनं ओळखलं. मग सुरूच. एका मुलाच्या मामांचं नाव शांताराम, त्यांचं 'घुमाराम' झालंय, कारण शांत म्हणजे माझ्या यादीत घुमा. सदाशिव पेठेतले यज्ञेश्वर मास्तर, मुलीच्या कागदात 'वडील शिस्तप्रिय' होतं, त्याचं 'वडील तापट' झालं, तर ते या जिन्यावरून ओरडत वर आले — मी तापट नाही! मी तापट नाही! — तिसऱ्या मजल्यावरची माणसं बाहेर आली बघायला. आणि खडकवासल्याकडचे सर्जेराव. त्यांच्या विश्वजीतच्या कागदात मी मुळात लिहिलं होतं 'जमीन विकून खातात', तर बोरूनं केलं होतं 'स्थावर मालमत्तेचा व्यवसाय'. आता उलटं. मी म्हटलं आता हा माणूस जीप घेऊन येणार. त्यांचा फोन आला, शांतपणे म्हणाले, "म्याडम, ह्ये खरं हाय, न्हाई कोन म्हनतंय? पर गावाला ठावं हाय त्ये पावन्याला आधी कशापायी सांगायचं? जेवून झाल्यावर सांगू की." मला त्यांचा एकट्याचा आधार वाटला बघा आज.

पण वाईट कशाचं वाटलं सांगू? एक मुलगी आहे माझ्याकडे, मुक्ताई नावाची. ती खरोखर शांत आहे हो. तिच्यासाठी मी 'शांत' असंच लिहिलं होतं, सरळ, मनापासून, यादीतून न जाता. नवबोरूला काय कळतंय? त्यानं तिचंही घुमा केलं. घुमी नाही, घुमा. खरं चांगलं कुठलं आणि सांगण्यापुरतं चांगलं कुठलं, त्याला फरकच दिसेना. मी त्याला शिव्या देत होते, आणि मग एकदम मनात आलं, की मंदाकिनी, तुझ्या कागदावर तरी तो फरक कधी दिसत होता? वीस वर्षं त्या मुलीसारख्या सगळ्या त्याच गर्दीत उभ्या होत्या. असो. तुमचं सांगा. तुमचा कोण आहे? भाऊ? आणा इकडे कागद, बघू दे काय झालंय, बसल्या बसल्या हातानं दुरुस्त करून देते, आता या हाताशिवाय कोणावर भरवसा —

हा अवधूतचा आहे.

हा — तुमच्याकडे कसा? हा मी एकाच ठिकाणी — थांबा. स्कार्फ काढा. काढा आधी. अगं बाई. तनया ना तू? फोटोत केस बांधलेले होते म्हणून — आणि मी केव्हापासून तुम्ही तुम्ही करतेय — तू म्हणू ना? की तुम्ही म्हणू? आणि मी काय काय बोलले? सगळंच बोलले. पाणी पी गं. नको? मग मी पिते.

हे बघ. एकेक ओळ घेऊ. घाबरायचं काही नाही. हे यंत्रानं केलंय, हे मी तुला आत्ताच तपशीलवार सांगितलं, हो की नाही? पहिली ओळ. 'स्वभाव घुमा.' तर घुमा नाही तो. बोलतो! परवाच बोलला. म्हणाला, आई, गॅस बंद कर. अगदी स्पष्ट बोलला. दुसरी, 'हट्टी'. आता हट्टी कशाला म्हणायचं — पाचवीत असताना म्हणाला वांगं खाणार नाही, ते आजतागायत खाल्लेलं नाही, त्याला हट्ट म्हणतात का? त्याला सातत्य म्हणतात. 'आईच्या पदराला बांधलेला.' हे 'कुटुंबवत्सल' होतं गं! आणि मी मुळात पंजाबी ड्रेस घालते, बघतेयस तू, पदर आहे कुठे? 'छंद काही नाही' हे तर साफ खोटं. बंद पडलेली घड्याळं आणतो तो जुन्या बाजारातून, रविवारी उघडून बसतो. चालू होतात का? नाही होत. पण उघडतो फार सुंदर. प्रत्येक चाक वेगळं, ओळीनं, पांढऱ्या रुमालावर. 'टक्कल' — बरं, ते फोटोत दिसतंच, त्यात मी काय बोलणार. आणि ही शेवटची ओळ — 'आई भांडकुदळ'. हे मात्र ऐकून घे. मूळ शब्द होता 'मनमिळाऊ', आणि तो मी यादीतून आणलेला नव्हता, मी स्वतः, सरळ, या दहा बोटांनी टाइप केला होता म-न-मि-ळा-ऊ! तू हसतेयस. अगं हसण्यासारखं आहे का हे? मी इथे एकेक ओळ निस्तरतेय आणि तू — पुसून घे डोळे, वर ती कागदी रुमालांची पेटी आहे, मुलींच्या आयांसाठी ठेवलेली.

काय? त्यानं वाचला होता का? कोणी, अवधूतनं? हो, वाचला ना. काल छापून त्याच्याकडेच दिला होता, माझा चष्मा तेव्हा सापडत नव्हता, म्हटलं एकदा नजर टाक आणि सांग. तर त्यानं — थांब हं. थांब. हे आत्ता लक्षात येतंय माझ्या. त्यानं वाचला. सगळा वाचला, सावकाश, वरपासून खालपर्यंत, बोट ठेवून. घुमा, हट्टी, पदर, टक्कल, भांडकुदळ, सगळं वाचलं असणार. आणि कागद परत माझ्या हातात देऊन म्हणाला, "बरोबर आहे, पाठव."

बरोबर आहे, पाठव! आणि मी खूश झाले, म्हटलं एकदाची पसंती आली. अगं, मुलगा एवढा वाचतो आणि हूं की चूं करत नाही — मग काय चुकलं त्या यंत्राचं? घुमाच आहे तो!

नाही, तू हसून घे. हसून झालं की सांग, मी ऐकते. मग मलाही तुला एक सांगायचंय — खरं तर नाही सांगायचं, पण आज सांगायचाच दिवस दिसतोय. तू विचार करत असशील, एवढी सहाशे लग्नं जमवणारी आई आणि मुलगा घरात कसा. लोक म्हणतात नशीब. नशीब नाही गं. मी. मला रोग झालाय. इतकी वर्षं मी वाईटाचं चांगलं करत बसले ना, आता कुठलाही चांगला शब्द दिसला की मला तो उलटाच वाचता येतो. एखादीच्या कागदावर 'हसतमुख' दिसलं की मला दिसतं, ही कुठेही दात काढणार. 'महत्त्वाकांक्षी' दिसलं की वाटतं, हिला वेगळं घर हवं. 'प्रेमळ' वाचलं तर मी कागद हातात धरत नाही. तेवीस मुली, तनया. तेवीस मुलींचे कागद आले अवधूतसाठी, चांगल्या घरातल्या, आणि मी इथेच, या खुर्चीत बसून परत पाठवले. त्याला दाखवलेसुद्धा नाहीत. तो 'नको' म्हणायला लागण्याआधी त्याला म्हणायचे, अजून मनासारखं येत नाहीये रे. तुझा एकटीचा ठेवून घेतला, का माहितीय? तुझ्या मावशीनं तू हातानं लिहिलेला आणला, त्यात विशेषणच नव्हतं एक. नाव, शिक्षण, नोकरी, उंची. आणि खाली 'छंद : तबला, वाईट वाजवते.' मी तीन दिवस तो कागद उलटा करून बघितला. काही निघेचना त्यातून.

आणि हेही पूर्ण खरं नाही. रोगबिग सगळं ठीक आहे, पण — बघ, अवधूतचे बाबा गेले त्याला अकरा वर्षं झाली. दिवसभर मी इथे बोलते, संध्याकाळी केंद्र बंद केलं की दिवसभराचं सगळं त्याला सांगते. तो जेवतो आणि ऐकतो. मधे बोलत नाही, सल्ला देत नाही, घड्याळाकडे बघत नाही. असं ऐकणारं माणूस मिळतं का कोणाला? तो लग्न करून दुसऱ्या कोणाचं ऐकायला लागला तर मी कोणाशी बोलायचं? मला भीती वाटते गं. हे मी अजून कुठेच लिहिलेलं नाही. यादीत नाही, कुठेच नाही. आणि तुलाच कसं सांगितलं, तुझ्याचपासून तर —

कोणाकडे बघतेयस? मागे काय —

अवधूत. तू — आतल्या खोलीत मीटिंग होती ना तुझी? केव्हा संपली? हेडफोन कुठाय? किती वेळ उभा आहेस असा दारात? तेवीस ऐकलंस? तेवीसच्या आधीपासून? बोल ना रे काहीतरी. रागाव तरी. ही तनया. हिनं आपणहून — काय? काय म्हणालास? माहीत होतं? कागद कुठल्या कपाटात ठेवते तेही माहीत होतं? मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? ... माझ्यासाठी? माझी सोबत म्हणून? अरे मग तसं म्हणायचं मला. एकदा तरी म्हणायचं. मी काय एवढी — बरं. बरं. मी नाही रडत. ती पेटी नको, ती मुलींच्या आयांसाठी आहे. दे एक.

बसा तुम्ही. लाल खुर्ची नको रे, तिचा — बसलास? टिकली? कमाल आहे, सात वर्षं मी तिच्यावर कोणाला बसू दिलं नाही. मी चहा टाकते. नको? पोहे? मग मी आपली इथेच बाजूला बसते, फायली लावते, तुम्ही बोला, माझ्याकडे लक्ष देऊ नका — काय म्हणालास? बाहेर? मी बाहेर जाऊ? माझ्याच केंद्रातून? ... काय आणू येताना? काही नाही आणायचं, नुसतं जायचं? नुसतं कुठे जातात रे, मला नुसतं जाता येत नाही. तनया, तू सांग ना — तूही जा म्हणतेस. ठीक आहे. फोन वाजला तर उचलू नका. नाही, उचल. अवधूत, तू उचल, आणि सांग त्यांना की आई — काय वाटेल ते सांग. तुला जे वाटेल ते.

जाते. जिन्यात उभी राहते. दार ओढून घेऊ? आतून लावतोस? लाव. आणि मी बाहेरून काही ऐकतबिकत नाही हं. म्हणजे — ऐकीन. थोडं ऐकीनच. लाव.